दार उघडलं तेव्हा पाच वाजून नऊ मिनिटं

पहिला दिवस

"विमान निघालंय का गं तिकडून?" टॅक्सीत बसल्या बसल्या आत्याने विचारलं.

हा प्रश्न तिला मीच शिकवला होता. विमानतळाच्या फलकावर 'वेळेवर' असं झळकत असतं तेव्हासुद्धा आपल्याला नेणारं विमान कधी कधी दुसऱ्याच शहरात उभं असतं. प्रत्येक विमानावर शेपटीकडे त्याचा नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. आपल्या फ्लाइटला कोणतं विमान लावलंय आणि ते या घडीला कुठे आहे, हे फ्लाइटरडार२४सारख्या अ‍ॅपवर निघायच्या काही तास आधी कळतं. उशिराच्या कारणांना विमान कंपन्यांनी दोन आकडी क्रमांक देऊन ठेवलेत. त्यातला ९३ म्हणजे 'आधीच्या फेरीवरून विमानच उशिरा आलं'. युरोकंट्रोल ही संस्था युरोपातल्या उशिरांचा हिशेब ठेवते, आणि त्यात वर्षानुवर्षं सगळ्यात मोठा वाटा या साखळीने पुढे सरकत जाणाऱ्या उशिराचा असतो. म्हणून छोट्या अंतराला मी शक्यतो दिवसाची पहिली फ्लाइट घेते. रात्रभर तिथेच मुक्कामाला असलेल्या विमानाला मागच्या फेरीची बाधा होत नाही.

आमचं विमान आकाशात होतं, वेळेत होतं, वेळेत उतरलंही. सगळे बसले, दार लागलं, आणि मग कॅप्टनने सांगितलं की एका यंत्रणेचा इशारा जात नाहीये, तंत्रज्ञांना बोलावलंय. दोन तास पस्तीस मिनिटं आम्ही जागेवरच.

आत्या ७१ वर्षांची. ३४ वर्षं भूगोल शिकवला आणि पोर्तुगालचं मदेरा बेट पाहायचं राहून गेलं, ही तिची जुनी रुखरुख. अटलांटिकमधून थेट वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर, त्याच्या अंगाखांद्यावरून फिरवलेले पाण्याचे पाट. हे ती फळ्यावर काढून दाखवत असे. तिला तिथे न्यायचं ठरवलं आणि मी तीन वर्षं साठवलेले क्रेडिट कार्डांचे पॉइंट बाहेर काढले. लिस्बनपर्यंतचं लांब पल्ल्याचं तिकीट, मध्ये युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर बदल, दोघींचंही पॉइंटवर. खिशातून गेले ते फक्त कर आणि विमान कंपनीचा अधिभार.

त्या पॉइंटबद्दल इथेच सांगते, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ त्यांत आहे. माझ्याकडे दोन कार्डं आहेत. एकाचे पॉइंट बँकेकडे राहतात आणि हवे तेव्हा वेगवेगळ्या विमान कंपन्यांच्या खात्यांत वळवता येतात. दुसरं एका विमान कंपनीच्या नावाचं, त्याचे माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट, थेट तिच्याच खात्यात पडतात. दिसायला दुसरं उदार वाटतं. पण पहिल्याची किंमत मला जास्त, कारण कुठे जायचं हे मी ठरवेपर्यंत ते कुठेच अडकलेले नसतात. एकदा वळवले की परत बँकेत येत नाहीत. म्हणून आधी सीट दिसली पाहिजे, तारीख पक्की झाली पाहिजे, दोन सीट एकाच फ्लाइटवर मिळाल्या पाहिजेत, तेव्हाच पॉइंट हलवायचे. 'या महिन्यात वळवा, वर थोडे जास्त देतो' अशा आमिषापोटी पॉइंट नुसते वळवून ठेवले आणि मग कंपनीने दरच वाढवले, असं माझ्या डोळ्यांदेखत दोन मैत्रिणींचं झालंय. पॉइंटना व्याज नसतं, ते पडून राहिले तर झिजतात. आणि कार्डाचं बिल पूर्ण न भरता पुढे ढकललं तर त्यावरचं व्याज कुठल्याही पॉइंटपेक्षा कितीतरी मोठं असतं. ज्याचं बिल थकतं त्याने पॉइंटचा विचारच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिकीट मी बँकेच्या प्रवास-बुकिंगच्या पोर्टलवर काढलं नाही. तिथे जास्त पॉइंट मिळत होते तरीही नाही. गेल्या वर्षी एका पोर्टलवरून काढलेल्या तिकिटाची फ्लाइट रद्द झाली. काउंटरवर सांगितलं, तिकीट एजन्सीचं आहे, आम्हाला हात लावता येत नाही. एजन्सीच्या फोनवर मी एक तास वीस मिनिटं धरून बसले होते, समोरून शेवटची फ्लाइट निघून गेली. त्या दिवसापासून जिथे एकाला दुसरं विमान जोडलेलं आहे तिथे तिकीट थेट कंपनीकडूनच, आणि सगळं एका पीएनआरवर. एका पीएनआरवर असलं की पुढचं विमान चुकलं तर पोचवायची जबाबदारी त्यांची. दोन वेगळी तिकिटं असली की आपली.

मधल्या विमानतळावर उतरलो तेव्हा लिस्बनचं विमान जाऊन बराच वेळ झाला होता. ट्रान्सफर डेस्कपुढे शंभरेक माणसांची रांग. अ‍ॅपने आम्हाला आपोआप रात्री नऊच्या फ्लाइटवर टाकलं होतं, तेही आणखी एक विमान बदलून. आत्याच्या हातातल्या वहीत मी घरून निघतानाच लिस्बनला जाणाऱ्या आणखी दोन फ्लाइटचे क्रमांक आणि वेळा लिहून ठेवल्या होत्या. रांगेत आत्या उभी राहिली, मी बाजूला होऊन कंपनीला फोन लावला. "काही होईल का बघा" असं विचारलं की समोरचा माणूस पडद्यावर पहिलं दिसेल ते सांगतो. "दुपारच्या या क्रमांकाच्या फ्लाइटवर दोन सीट दिसतायत का?" असं विचारलं की त्याचं काम अर्धं होतं. सातव्या मिनिटाला नवे बोर्डिंग पास फोनवर आले. रांग तेव्हा जेमतेम चार पावलं सरकली होती.

हीसुद्धा फ्लाइट थोडी रखडली. मूळ तिकिटाप्रमाणे आम्ही लिस्बनला २ वाजून ५ मिनिटांनी पोचायला हवं होतं. चाकं टेकली ४ वाजून ५७ मिनिटांनी. म्हणजे उशीर दोन तास बावन्न मिनिटं. मग विमान टॅक्सीवेवरून रेंगाळत गेलं, थांबलं, पट्ट्यांचे आवाज झाले, माणसं उभी राहिली. मी फोनचा कॅमेरा काढून पुढच्या दाराकडे धरून उभी राहिले. दार उघडलं, बाहेरचा उजेड आत आला, आणि मी फोटो घेतला. ५ वाजून ९ मिनिटं. तीन तास चार मिनिटं.

"दाराचा फोटो कशाला?" आत्याने विचारलं.

युरोपीय संघात २६१/२००४ क्रमांकाचा नियम आहे, १७ फेब्रुवारी २००५पासून लागू. संघातून निघणाऱ्या कोणत्याही फ्लाइटला आणि संघातल्या कंपनीच्या बाहेरून संघात येणाऱ्या फ्लाइटलाही तो लागतो. उशिरासाठी भरपाईची रेघ युरोपीय न्यायालयाने २००९मध्ये तीन तासांवर आखली. आणि पोचण्याची वेळ म्हणजे कोणती? चाक टेकलं ती नाही. साल्झबर्गहून कोलोन-बॉनला गेलेल्या एका फ्लाइटच्या खटल्यात २०१४ साली न्यायालयाने सांगितलं की विमानाचं निदान एक दार उघडून प्रवाशांना उतरायची मुभा मिळते तो क्षण. त्या खटल्यातही टेकताना तीन तास भरले नव्हते, दार उघडताना भरले होते. आमचंही तसंच झालं. ही बारा मिनिटं कोणाच्या बाजूची, हे माहीत असण्या-नसण्यावर बरंच अवलंबून असतं.

आत्याने वहीत लिहून घेतलं : दार ५.०९.

दुसरा दिवस

लिस्बनमधला हा दिवस मोकळा ठेवला होता. मदेराचं तिकीट वेगळं, रोख पैशांचं, दुसऱ्या कंपनीचं. दोन तिकिटांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तेव्हा मध्ये एक रात्र टाकायचीच. सगळी सुट्टी घट्ट शिवून काढणारे लोक या रात्रीला वाया गेलेला दिवस म्हणतात. काल रात्री नऊच्या फ्लाइटने आलो असतो, किंवा आलोच नसतो, तरी ही रात्र आमच्या हाताशी होती.

हॉटेलात पैसे भरताना मशीनच्या पडद्यावर दोन बटणं आली. एकावर युरोतली रक्कम, दुसऱ्यावर आमच्या चलनातली, आणि ती दुसरी मोठी, ठळक, हिरवी. काउंटरवरच्या मुलाने हसून दुसऱ्याकडे बोट दाखवलं. मी युरो दाबलं. आपल्या चलनात भरायची ही 'सोय' घेतली की विनिमय दर मशीनवाल्याचा लागतो आणि वरचा फरक पॉइंटमध्ये मिळतो त्याच्या कितीतरी पट निघून जातो. परदेशात नेहमी तिथल्याच चलनात भरायचं, आणि ज्या कार्डाला परकीय चलनावरचा अधिभार नाही किंवा कमीत कमी आहे ते वापरायचं. इथे मी पॉइंट कमी देणारं कार्ड काढलं, अधिभार नसलेलं.

कोणत्या खर्चावर किती पॉइंट मिळणार, हे ठरतं दुकानाच्या मशीनला दिलेल्या चार आकडी क्रमांकावर. ७०११ म्हणजे हॉटेल, ४५११ म्हणजे विमान कंपनी, ४७२२ म्हणजे ट्रॅव्हल एजन्सी, ५८१२ म्हणजे खाणावळ. आपण काय विकत घेतलं हे बँकेला दिसत नाही, दुकानाचं नाव, रक्कम आणि तो क्रमांक दिसतो. म्हणून 'प्रवासावर तिप्पट' असं कार्डावर लिहिलेलं असलं तरी हॉटेलच्या आत चालणाऱ्या दुकानात काय होईल ते त्या दुकानाच्या क्रमांकावर ठरतं. मी मोठ्या खर्चाआधी एकदा छोटी रक्कम भरून स्टेटमेंटमध्ये वर्गवारी बघते. दोन मिनिटांचं काम आहे.

दुपारी टेगस नदीच्या काठाने बेलेंपर्यंत गेलो. आत्या बुरुजापाशी बराच वेळ नदीचं मुख बघत उभी होती. रात्री मी कालची कागदपत्रं एका जागी लावली : मूळ तिकीट, नवे बोर्डिंग पास, दाराचा फोटो, आणि कंपनीकडून मागवलेलं उशिराचं लेखी कारण. ते पत्र पहिल्याच दिवशी मागायचं. महिन्याने मागितलं तर मिळतं, पण मग पाठपुरावा करत बसावं लागतं.

तिसरा दिवस

मदेराची सकाळची पहिली फ्लाइट. अंतर हजार किलोमीटरच्या आतलं, दीड-पावणेदोन तासांचा प्रवास. आत्याला खिडकी.

फुंशाल ही मदेराची राजधानी. तिथल्या विमानतळाबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. विमानतळ १९६४ साली सुरू झाला तेव्हा धावपट्टी जेमतेम १,६०० मीटर होती, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. जागा नव्हती म्हणून २०००मध्ये ती समुद्राच्या बाजूला १८० काँक्रीटच्या खांबांवर पुढे नेली आणि लांबी २,७८१ मीटर झाली. लांबीचा प्रश्न सुटला, वाऱ्याचा सुटला नाही. उत्तरेकडून येणारा वारा बेटाच्या डोंगरावरून खाली कोसळतो आणि धावपट्टीच्या तोंडाशी भोवरे करतो. म्हणून इथे वाऱ्याच्या मर्यादा वैमानिकाच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत, त्या बंधनकारक आहेत. आकडा ओलांडला की उतरायचं नाही.

पावणेनऊला आम्ही बेटाच्या वर होतो. खाली फेसाळ समुद्र आणि सां लोरेंसोचे लाल-काळे कडे दिसत होते. विमानाने एक घिरटी घेतली, दुसरी घेतली. चाळीस मिनिटं तसंच. मग कॅप्टनचा आवाज : वारा मर्यादेबाहेर, आपण पोर्तो सांतूला उतरतोय.

पोर्तो सांतू हे शेजारचं छोटं, सपाट बेट. तिथली धावपट्टी सुमारे तीन किलोमीटरची, आणि आजूबाजूला मदेरासारखे उंच डोंगर नाहीत. आमच्यासारखीच आणखी दोन विमानं तिथे आधीच उभी होती. छोट्याशा इमारतीत माणसंच माणसं. मुलं जमिनीवर झोपलेली, चार्जिंगच्या प्रत्येक खाचेपाशी तिघं-चौघं. दर अर्ध्या तासाने तीच घोषणा. एक तरुण प्रवासी काउंटरवरच्या मुलीवर ओरडत होता की तुम्हाला ४०० युरो द्यावे लागतील. मला त्या मुलीचं वाईट वाटलं. तो दोन्हीकडे चुकत होता. दीड हजार किलोमीटरच्या आत आकडा २५० असतो, आणि वारा हे कारण असेल तर भरपाई मिळतच नाही. त्याला नियम 'असाधारण परिस्थिती' म्हणतो.

पण भरपाई नाही म्हणजे काहीच नाही, असं नसतं. जेवणखाण, फोन, रात्र काढायची वेळ आली तर हॉटेल आणि तिथवर नेणं-आणणं, हे कंपनीला कारण काहीही असलं तरी द्यावंच लागतं. २०१०च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश बंद पडलं, तेव्हाही ही जबाबदारी सुटत नाही असं न्यायालयाने २०१३मध्ये सांगितलं. मी काउंटरवर जाऊन एवढंच विचारलं, "दोन तास उलटून गेलेत, जेवणाची कुपनं कुठे मिळतील?" त्या मुलीने खालच्या खणातून गठ्ठा काढला. तिला कोणी विचारलंच नव्हतं. मग आमच्या मागे रांग लागली, आणि तो ओरडणारा मुलगाही रांगेत शांत उभा राहिला.

इथे कार्डाचा विमा कामाला आला. पहिल्या दिवशी तो निरुपयोगी होता, कारण माझ्या कार्डावर सहा तास उशीर झाल्याशिवाय विमा सुरू होत नाही आणि तेव्हा झाले होते तीन. आज गोष्ट उलटी. नियमातून भरपाई शून्य, पण विम्याला वाऱ्याचं कारण चालतं. अट एकच, तिकिटाचे पूर्ण पैसे त्याच कार्डावरून गेलेले हवेत. हे तिकीट काढताना दुसऱ्या कार्डावर पाच पट पॉइंट मिळत होते. मी मुद्दाम विमा असलेलं, कमी पॉइंटचं कार्ड वापरलं होतं, कारण जायचं होतं फुंशालला. जिथे उशीर संभवतो त्या तिकिटाला विम्याचं कार्ड, आणि जिथे काही बिघडण्यासारखं नाही तिथे पॉइंटचं. माझी सगळी पद्धत एवढीच आहे. बरेच जण उलट करतात. मोठं तिकीट असतं म्हणून तिथेच पॉइंट जास्त दिसतात.

मी प्रत्येक पावतीचा तिथल्या तिथे फोटो काढत गेले. पावतीवर काय घेतलं ते वेगवेगळं लिहिलेलं हवं, नुसता एकूण आकडा चालत नाही. थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडतात, आणि दावा तपासणारा माणूस पावती हातात घेतो तोवर ती कोरी झालेली असू शकते.

दुपारी चारला ठरलं की विमान आज जाणार नाही. कंपनीने संध्याकाळच्या बोटीची सोय केली. पोर्तो सांतू आणि मदेरा यांच्यामध्ये 'लोबो मारिन्यो' ही मोठी फेरीबोट चालते, सुमारे अडीच तासांचा प्रवास. बोट चांगलीच हलत होती. अर्धे लोक डोळे मिटून बसले होते. आत्या मात्र रेलिंग धरून बाहेर. अंधार पडता पडता मदेराचं टोक पाण्यातून वर आलं, आधी काळी भिंत, मग त्यावर एकेक दिवा, मग डोंगराच्या पार वरपर्यंत दिवेच दिवे.

"असंच यायला हवं होतं इथे," ती म्हणाली. "समुद्रातून. वरून उतरलो असतो तर उंची कळली नसती."

चौथा दिवस

पाटांच्या बाजूने चाललो. इथे त्यांना लेवाडा म्हणतात. पावसाळी उत्तरेचं पाणी कोरड्या दक्षिणेला नेण्यासाठी शतकानुशतकं खोदलेले, कुठे हातभर रुंद, कुठे बोगद्यातून जाणारे. दोन्ही बाजूंना लॉरेलचं जुनं जंगल. १९९९मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेलं. आत्या पाण्यात पान टाकायची आणि घड्याळ लावून त्याचा वेग मोजायची. दिवसभर फोन बंद होता. परतताना टॅक्सी धावपट्टीच्या खालून गेली. खांबांच्या रांगा देवळाच्या सभामंडपासारख्या, आणि डोक्यावर एक विमान उतरल्याचा घरंगळत गेलेला आवाज. आज वारा नव्हता.

पाचवा दिवस

सकाळी उठून पहिल्यांदा हवामान बघितलं. साधं अ‍ॅप नाही, विमानतळाचा अंदाज. तो कोणालाही उघडून वाचता येतो. सांकेतिक असतो, पण वाऱ्यापुरतं वाचायला पाच मिनिटांत शिकता येतं. उद्याच्या ओळीत होतं ३४०२२जी३६. पहिले तीन आकडे वाऱ्याची दिशा, ३४० अंश, म्हणजे जवळजवळ उत्तर. पुढचे दोन वेग, २२ नॉट. 'जी' म्हणजे मधूनच येणारे झोत, ३६ नॉटपर्यंत, ताशी ६७ किलोमीटर. मी वही आत्यासमोर ठेवली. तिने दिशा पाहिली, खिडकीतून डोंगर पाहिला आणि म्हणाली, "हा वरूनच पडणार."

आमचं परतीचं तिकीट उद्या दुपारचं होतं आणि लिस्बनहून लांब पल्ल्याची फ्लाइट परवा सकाळी. म्हणजे मध्ये एक रात्र होतीच. पण फुंशाल एकदा बंद झालं की एक फ्लाइट चुकून भागत नाही. दोन-तीन दिवसांची माणसं साठतात आणि पुढच्या विमानांत सीट उरत नाहीत. लांबचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर, तिथे आम्ही हजर झालो नाही तर ते बुडालं.

आता ते विमान कंपनीच्या नावाचं दुसरं कार्ड. त्याच्या खात्यात मी थोडे माइल्स कायम शिल्लक ठेवते, अशाच वेळेसाठी. ऐन वेळी रोखीचं भाडं आभाळाला भिडतं, पण माइल्सचा भाव बऱ्याच कार्यक्रमांत तेवढा उसळत नाही, आणि पॉइंटवरचं तिकीट थोडं शुल्क भरून रद्द करता येतं. पॉइंटची किंमत काढायचा साधा हिशेब असा : रोखीचं भाडं, त्यातून कर वजा, भागिले लागणारे पॉइंट. नेहमीच्या दिवशी या छोट्या अंतराला माइल्स वापरणं मूर्खपणाचं ठरलं असतं. त्या दिवशी तोच हिशेब चौपट चांगला आला. आज संध्याकाळच्या फ्लाइटवर दोन सीट होत्या. वहिनीने गेल्या दिवाळीत विचारलं होतं, एवढे पॉइंट साठवतेस ते एखाद्या भारी सीटसाठी का नाही उडवत? आणीबाणीला दोन साध्या सीट चटकन मिळणं हे मला त्या भारी सीटपेक्षा मोलाचं वाटतं.

आत्याला बेटावरचा शेवटचा अर्धा दिवस सोडायला सांगताना मात्र जीव जड झाला. तिने काही न बोलता बॅग भरली. जाण्याआधी तासभर बंदरावर बसलो.

संध्याकाळी विमान वेळेवर निघालं.

सहावा दिवस

लिस्बनमध्ये सकाळपासून मी फुंशालचा फलक बघत होते. पहिली दोन विमानं माघारी फिरली. मग अकराच्या सुमारास वारा थोडा पूर्वेकडे वळला आणि धावपट्टी उघडली. आमची सोडून दिलेली दुपारची फ्लाइट बावीस मिनिटं उशिराने निघाली आणि लिस्बनला व्यवस्थित पोचली.

मी आत्याला सांगितलं. वाटलं, आता म्हणेल की उगाच आलो. माझ्या पोटात तेच कालवत होतं. त्या रद्द न होणाऱ्या तिकिटाचे पैसे गेले, माइल्स गेले, तिचा अर्धा दिवस गेला.

ती म्हणाली, "अगं, अंदाजात ३६ लिहिलं होतं ना? मग बरोबर केलंस. वारा वळला हे आज कळलं. काल नव्हतं कळत."

उद्या पुन्हा तसाच अंदाज दिसला तर मी पुन्हा तेच करेन.

सातवा दिवस

परतीचा प्रवास. विमान आधीच्या रात्रीच येऊन उभं होतं. कार्डावर लाउंज फुकट होतं, पण दाराशी 'जागा नाही' अशी पाटी. सकाळच्या गर्दीत आणि उशिराच्या दिवशी हे असंच असतं, त्यामुळे नुसत्या लाउंजसाठी महागडं कार्ड घेऊ नये असं मी सगळ्यांना सांगते. मधल्या विमानतळावर कनेक्शन आरामात मिळालं. घरी वेळेत.

त्यानंतर

दुसऱ्याच दिवशी दोन्ही दावे टाकले. कार्डाच्या विम्यासाठी पोर्तो सांतूच्या पावत्या, बोर्डिंग पास, कंपनीचं पत्र आणि तिकिटाचे पैसे गेल्याचं स्टेटमेंट. त्यांनी आणखी एक कागद मागितला, दिला, पैसे आले. कंपनीच्या कुपनांवर जे घेतलं होतं ते मी दाव्यात धरलंच नव्हतं. धरलं असतं तर सगळाच दावा अडला असता.

विमान कंपनीचं उत्तर १९ दिवसांनी आलं. तांत्रिक बिघाड ही असाधारण परिस्थिती असल्याने भरपाई देता येत नाही, शिवाय तिकीट पॉइंटवरचं आहे. दोन्ही मुद्दे टिकणारे नव्हते. नेहमीच्या वापरात उद्भवणारा तांत्रिक बिघाड असाधारण ठरत नाही, हे युरोपीय न्यायालयाने २२ डिसेंबर २००८ रोजीच सांगून ठेवलंय. आणि माइल्सच्या कार्यक्रमातून काढलेली तिकिटंही या नियमात येतात, हे नियमाच्या तिसऱ्या कलमातच लिहिलेलं आहे. मी चार ओळींचं उत्तर लिहिलं, दाराचा फोटो जोडला. साडेतीन हजार किलोमीटरच्या वरचा प्रवास म्हणून आकडा ६०० युरो, पण पर्यायी विमानाने आम्ही चार तासांच्या आत पोचलो होतो आणि तेव्हा कंपनीला तो निम्मा करायची मुभा आहे. म्हणून मी दोघींचे ३००-३००च मागितले. मागणी नेमकी असली की टोलवाटोलवी कमी होते. अकराव्या दिवशी मंजुरीचा मेल आला.

आत्याच्या खात्यात पैसे जमा झाले त्या संध्याकाळी तिचा फोन आला. मला वाटलं आभार मानेल. तिने विचारलं, "अझोर्सला किती पॉइंट लागतात गं? आणि तिकडे वारा कुठून येतो?"